मंजूर, भरलेली, रिक्त

दर महिन्याच्या पाच तारखेला मी तक्ता भरतो.
तीन रकाने.
वैद्यकीय अधिकारी: दोन, एक, एक.
तो एकही आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या केंद्राच्या प्रभारावर.
अधिपरिचारिका: तीन, एक, दोन.
त्या एकीचं नाव सिंधू कोडापे.
तक्त्यात नावाला जागा नाही.

मागल्या सालापर्यंत लाइन जायची ती न सांगता,
यायची ती रुसलेल्या जावयासारखी,
पंगत उठल्यावर.
जनरेटर होतं. डिझेलचं अनुदान नव्हतं.
त्या रात्री टेकामांची लैजा टेबलावर
अन् मी, कनिष्ठ सहायक, लेखा,
भिंतीकडं तोंड करून, मोबाईल मागं धरून उभा.
"डावीकडं, ढेंगळे. हलवू नका."
"मी कुठं हलवतो सिस्टर, हातच हालते."
बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा पोट्टं रडलं.

फेब्रुवारीत वणीहून अफरोज आला,
चोवीस पॅनल अन् एक ड्रिल घेऊन.
पहिलं भोक पाडलं आणि म्हणाला,
"बाबूसाहेब, हा स्लॅब नाही, पापड आहे."
भादव्यात ते खरं निघालं.
बाळंतिणींच्या खोलीत, चार नंबरच्या खाटेवर, टप टप.
बादली घ्यायला हेड नाही.
मी ती किरकोळ विद्युत साहित्यात दाखवली.
ऑडिटवाल्यांना काय सांगायचं ते तेव्हा बघू.

पण लसींचा फ्रीज!
मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
सेहेचाळीसच्या खाली यायला पारा तयार नव्हता,
आणि आतला काटा चारवर.
सकाळी चार. संध्याकाळी चार.
सिस्टर जाता-येता त्याच्या झाकणावर हात ठेवायच्या,
तापातून उठलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

जिल्ह्याहून साहेब आले.
बिल अकरा हजार चारशेवरून नऊशे साठ.
दर्शनी फलकावर लिहा म्हणाले. मी लिहिलं.
पदांचं विचारलं तर
प्रस्ताव शासनस्तरावर आहे.
हा शासनस्तर कुठं असतो,
तिथं ऊन पोचते का,
हे विचारायचं राहून गेलं. गाडी सुरू होती.

आता रात्रभर उजेड.
अंधारात खुर्च्या किती आणि माणसं किती, कळत नव्हतं.
आता दिसतात: तीन खुर्च्या,
खुंटीला एकच स्वेटर.
रात्री तीनला सिस्टर उभ्यानं बीपी लिहितात
आणि ऐंशीतलं शून्य बंदच होत नाही,
शेपूट घसरत जाते कागदाच्या काठापर्यंत.
मी ते दुसऱ्या दिवशी निळ्या पेनानं मिटवून देतो.

सकाळी पॅनल धुणाऱ्याही त्याच,
बांबूला फडकं बांधून.
सफाईगार: एक, शून्य, एक.
धूळ बसली की वीस टक्के जाते,
अफरोज सांगून गेला होता.
"आन् माह्यावर बसते ते किती टक्के, ढेंगळे?"
मी हसलो. हसायला नको होतं.

परवा दुपारच्या एसटीनं एक पोरगी उतरली.
पत्र्याची पेटी, टेबल फॅन,
प्लास्टिकच्या पिशवीत नियुक्तीचा आदेश.
प्रणोती नन्नावरे. कंत्राटी. अकरा महिने.
पाणीही न पिता तिनं विचारलं,
"रात्री लाइट राहते ना इथं?"
"राहते," सिस्टर म्हणाल्या,
किल्ल्या दिल्या, बांबू दाखवला,
क्वार्टरमध्ये गेल्या
आणि चार वाजता झोपल्या त्या
दुसऱ्या दिवशी अकराला उठल्या.
मधे दोन बाळं झाली.
कोणी त्यांचं दार वाजवलं नाही.

आज पाच तारीख.
कंत्राटीला भरलेलीत धरायचं का
याचं परिपत्रक सापडत नाही.
मी पेन्सिलनं दोन लिहिलं,
खोडता येईल असं.
पण जरा दाबून.